समुद्राला खत कोण टाकतं? : खानदेशातून प्लवकांच्या अभ्यासाकडे येणाऱ्यांसाठी

जळगाव-धुळ्याकडच्या मुलामुलींचे फोन येतात तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ताई, आपल्याकडे समुद्रच नाही, मग कसं जमेल?" जमतं. त्यासाठी समुद्रकाठी जन्मावं लागत नाही. खरी अडचण वेगळीच असते आणि ती वेळेवर कोणी सांगत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

प्लवक म्हणजे पाणी नेईल तिकडे जाणारे जीव. त्यातले वनस्पतिप्लवक पृथ्वीवरच्या एकूण प्रकाशसंश्लेषणापैकी जवळपास निम्मं करतात. त्यांना प्राणिप्लवक खातात आणि या दोघांवर तारली-बांगड्यासारखे मासे जगतात. प्राणिशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र घेऊन बीएस्सी झालेली मुलं सूक्ष्मदर्शकाच्या ओढीने इकडे येतात आणि भौतिकशास्त्र सुटलं म्हणून सुटकेचा श्वास टाकतात. माझं स्पष्ट मत आहे, की या विषयात आधी पाणी शिकावं, मग जीव. पाणी कुठून आलं, किती खोलवरून वर आलं, किती गढूळ आहे हे ठाऊक नसेल तर मोजलेल्या जीवांच्या आकड्यांना काहीच अर्थ उरत नाही.

मला हे नीट समजलं ते आमच्या आप्पांच्या प्रश्नामुळे. रावेरकडे आमची केळी. मी काय शिकते ते सांगत होते, तर ते म्हणाले, "ते समदं खरं, पन समुद्राले खत कोन टाकते?" शेतकऱ्याचा प्रश्न, आणि अगदी मुद्द्याचा. वर ऊन भरपूर असतं, पण तिथलं नायट्रेट, फॉस्फेट वनस्पतिप्लवक झपाट्याने संपवतात. खाली ते भरपूर, पण अंधार. खालचं वर आणतो तो वारा. पावसाळ्यात भारताच्या पश्चिम किनाऱ्याला समांतर, दक्षिणेकडे वाहणारा वारा आणि पृथ्वीचं फिरणं मिळून वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर लोटतात. त्याच्या जागी खालचं थंड, पोषक पाणी वर येतं. केरळ-कर्नाटकाकडे हे जोरात चालतं. मात्र त्या पाण्यात प्राणवायू कमी असतो, म्हणून पावसाळ्याच्या अखेरीस गोव्यासमोरच्या उथळ समुद्रात तळाशी तो जवळपास संपतो.

उत्तर अरबी समुद्रात गोष्ट वेगळी. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याला हुडहुडी भरते, त्याच दिवसांत ईशान्येचा कोरडा वारा समुद्रावरून वाहतो. बाष्पीभवनाने वरचं पाणी गार आणि जड होऊन खाली बसतं, खालचं त्यात मिसळतं आणि प्लवकांचा बहर येतो. आपली तापी मिळते त्या खंभातच्या आखातात तर आणखी निराळं. काळ्या बेसॉल्टवरून आलेल्या नदीच्या पाण्यात विरघळलेली सिलिका असते. डायटम नावाचे वनस्पतिप्लवक तिचंच कवच बांधतात. म्हणजे तिथे सगळं पोषण हजर, पण भरती-ओहोटीचा जोर इतका की गाळ खाली बसतच नाही, ऊन आत शिरत नाही आणि प्लवकांची वाढ अडते. खत आहे म्हणून पीक येईलच असं नाही.

भरती-ओहोटी आपल्या अंगवळणी नसते, ती मुद्दाम शिका. सकाळी आणि दुपारी एकाच ठिकाणी नमुना घेतला तरी पाणी दुसरंच असतं: भरतीला खारं, ओहोटीला खाडीतलं. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची ढोबळ वेळ काढतात. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे मोठी भरती-ओहोटी, आणि अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान. वहीत तारीख-वेळेसोबत तिथी आणि भरतीची अवस्था लिहायची सवय लावून घ्या.

सराव घरीच सुरू करता येतो. एखादं शेततळं किंवा हतनूरच्या धरणाचा काठ पुरे. बारीक विणीच्या नायलॉन कापडाची छोटी जाळी शिवा, खाली बाटली बांधा आणि पाण्यातून सावकाश ओढा. कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली सायक्लॉप्स नावाचा प्राणिप्लवक दिसेल: एकच डोळा, झटके देत पोहणं, आणि मादी असेल तर शेपटीच्या दोन्ही बाजूंना अंड्यांच्या पिशव्या. समुद्रात प्राणिप्लवकांच्या जाळीत सगळ्यात जास्त येणारे कोपेपॉड हे त्याचेच भाऊबंद. सायक्लॉप्स ओळखणाऱ्या डोळ्याला ते परके वाटत नाहीत.

बोटीवर प्राणिप्लवकांसाठी साधारण 200 मायक्रॉन, म्हणजे 0.2 मिलिमीटर छिद्रांची जाळी असते आणि तिच्या तोंडाशी प्रवाहमापक. जाळी सोडण्याआधीचा आणि ओढून घेतल्यानंतरचा आकडा टिपला नाही, तर किती पाणी गाळलं ते कळत नाही आणि नमुना असून नसल्यासारखा होतो. मोजणी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायच्या सेजविक-राफ्टर पट्टीवर होते: एक मिलिलिटर पाणी, हजार चौकोन. हे काम कंटाळवाणं आहे असं सांगणारे भेटतील. मला ते कधीच तसं वाटलं नाही. कीटोसेरॉस या डायटमची काटेरी साखळी पहिल्यांदा नीट दिसते तेव्हा मान अवघडल्याचं भानही राहत नाही. बोट लागत असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी निघण्याआधीच घ्या, पोटात ढवळू लागल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही.

पदव्युत्तर शिक्षणासाठी गोवा विद्यापीठ आणि कोचीनचं कुसॅट (कोचीन विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठ) ही नावं आधी बघा. मत्स्यशास्त्राची पदवी असेल तर मुंबईत वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. पीएचडीसाठी 1966 साली स्थापन झालेली गोव्यातल्या दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. तिथे नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेची फेलोशिप हाताशी असली की वाट सोपी होते, आणि ती परीक्षा जीवशास्त्राच्या किंवा पृथ्वी-वातावरण-समुद्र विज्ञानाच्या पेपरातून देता येते. दोन्हींचे जुने पेपर समोर ठेवून मग ठरवा. हैदराबादची इन्कॉइस ही समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था उपग्रहावरून क्लोरोफिल आणि पाण्याचं तापमान वाचून मच्छीमारांना मासे कुठे मिळतील ते कळवते. अशा कामाला जीव आणि प्रवाह दोन्ही कळणारी माणसं लागतात. म्हणून बीएस्सीच्या तिन्ही वर्षांत गणित आणि संख्याशास्त्र सोडू नका, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत आर किंवा पायथन ही संगणकाची भाषा शिकून घ्या.