न्यू जर्सीत पहिलं घर घेतलंत? क्रॅबग्रासचा बंदोबस्त एप्रिलमध्येच करा

एडिसन, प्लेन्सबरो भागात आपली बरीच मंडळी अपार्टमेंट सोडून पहिल्यांदाच लॉनवाल्या घरात राहायला जातात. जुलै आला की त्यांचा प्रश्न ठरलेला: ड्राइव्हवेच्या कडेला हे पोपटी, रुंद पात्यांचं, जमिनीलगत पसरणारं गवत कुठून आलं आणि यावर काय मारू? तोवर उशीर झालेला असतो. म्हणून हे आधीच सांगून ठेवतो.

ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना हरळी माहीत असेल. तिचा तुकडा मातीत राहिला तरी पुन्हा फुटते. ड्राइव्हवेच्या कडेचं ते गवत म्हणजे क्रॅबग्रास, आणि ते तसं नाही. ते एका वर्षाचं तण. पहिलं कडक फ्रॉस्ट पडलं की आपोआप मरतं. पण मरण्याआधी बी टाकून जातं, आणि मोकळी जागा मिळालेल्या एका रोपाचं बी दीड लाखापर्यंत जाऊ शकतं. ते मातीत काही वर्षं जिवंत राहतं. त्यामुळे खरी लढाई बियांशी आहे.

वरच्या एक-दोन इंच मातीचं तापमान काही दिवस सलग ५५ अंश फॅरनहाइटच्या आसपास राहिलं की बी रुजायला लागतं. कॅलेंडरपेक्षा फोर्सिथियाकडे लक्ष ठेवा; वसंतात पिवळ्या फुलांनी भरून जाणारी ती झुडपं जवळपास प्रत्येक गल्लीत दिसतात. ती फुलली की प्री-इमर्जंट, म्हणजे बी रुजण्याआधीच अडवणारं तणनाशक, टाकायची वेळ झाली. मध्य जर्सीत हे साधारण एप्रिलमध्ये येतं. पिशवीवर प्रोडायामिन, डायथायोपिर किंवा पेंडिमेथालिन यापैकी एक नाव शोधा. नुसतं ‘वीड अँड फीड’ (तणनाशक आणि खत एकत्र) वाचून उचलू नका. त्यातल्या बऱ्याच पिशव्या डँडेलियनसारख्या रुंदपानी तणांसाठी असतात. स्प्रेडरने सारखं पसरवा आणि पाऊस नसेल तर अर्धा इंच पाणी द्या, नाहीतर औषध मातीत उतरत नाही. फुटपाथ आणि ड्राइव्हवेलगतची माती आधी तापते, तिथे विशेष लक्ष द्या.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात घ्या. हे औषध तुमच्या लॉनचं बीसुद्धा रुजू देत नाही. वसंतात टक्कल पडलेल्या जागी बी पेरायचं असेल तर तेवढ्या भागात हे टाकू नका, किंवा मेसोट्रायोन असलेलं औषध घ्या. ते बहुतेक गवतांच्या पेरणीच्या वेळी चालतं. पण शक्य असेल तर पेरणी ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमध्यापर्यंतच करा. तेव्हा माती उबदार असते, हवा गार होत असते आणि क्रॅबग्रास थकलेलं असतं.

औषधापेक्षाही माझा भर मोअरच्या उंचीवर आहे. टॉल फेस्क्यू आणि केंटकी ब्लूग्रास ही इथल्या लॉनमधली गवतं तीन इंचांखाली कापू नका. दाट, उंच गवताची सावली पडली की क्रॅबग्रासच्या बियांना ऊन मिळत नाही. लॉन कापायला माणूस लावला असेल तर त्यालाही हे बजावून सांगा. कमी वेळा यावं लागावं म्हणून बारीक कापून जाणारे खूप असतात. पाणीही रोज शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून एक-दोनदा खोलवर द्या, पावसासकट एकूण इंचभर.

एवढं करूनही जून-जुलैत चार रोपं दिसलीच तर पावसानंतर ओल्या मातीतून खुरप्याने उपटा, तुरे यायच्या आत. फार पसरलं असेल तर क्विनक्लोरॅक हे तणनाशक चालतं, पण रोपं लहान असतानाच; लेबलवर तुमच्या गवताचं नाव आहे का ते आधी बघा. ग्लायफोसेट हे सरसकट सगळं मारणारं तणनाशक लॉनवर फवारू नका, चांगलं गवतही जाईल. मुलं खेळत असतील तर फवारणी पूर्ण वाळेपर्यंत त्यांना आत ठेवा.

खताचंही सांगून टाकतो. या राज्यात घरमालकाला १५ नोव्हेंबर ते १ मार्च खत टाकायला कायद्याने मनाई आहे, आणि माती तपासल्याशिवाय फॉस्फरस सहसा टाकता येत नाही. तपासणी रटगर्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत होते, माहिती तुमच्या काउंटीच्या एक्स्टेन्शन ऑफिसात (शेती-बागेचा सल्ला देणारं कार्यालय) मिळते. सप्टेंबरच्या पेरणीआधी हा अहवाल हातात असेल असं बघा.