दहावीचा पेपर हातात पडल्यावर या चुका टाळा

महाराष्ट्र बोर्डाच्या दहावीच्या भूमितीच्या पेपरला मी एका वर्गावर पर्यवेक्षक होते. दुसऱ्या बाकावरच्या मुलानं वर्तुळाला स्पर्शिका काढायची रचना अगदी नेमकी केली. मग खोडरबर घेतला, कंपासनं मारलेले कंस एकेक करून पुसले, कागदावर फुंकर मारली आणि आकृती जरा लांब धरून पाहिली. स्वच्छ दिसत होती. त्याच्याच पेपरच्या पहिल्या पानावर छापलं होतं, रचनेच्या खुणा पुसू नयेत. पर्यवेक्षकाला उत्तराबद्दल अवाक्षर काढता येत नाही. मी नुसती त्याच्या बाकापाशी उभी राहिले.

तेव्हापासून माझ्या मुलांना मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते. पेपर मिळाला की प्रश्नांवर उडी मारू नका, आधी सूचना वाचा. आणि त्या दर पेपरला वाचा, कारण विषय बदलला की सूचना बदलतात. मराठीच्या कृतिपत्रिकेत, म्हणजे मराठीच्या प्रश्नपत्रिकेत, आकृत्या पेनानंच काढायच्या असतात, भूमितीत पेन्सिलीनं. मराठीत उपयोजित लेखनाची (पत्र, निबंध वगैरे) कृती, म्हणजे प्रश्न, उतरवून घ्यायची नसते. गणितातली 'कृती पूर्ण करून लिहा' ही मात्र उत्तरपत्रिकेत पूर्ण उतरवून तिथंच चौकटी भरायच्या. दरवर्षी कोणीतरी या चौकटी प्रश्नपत्रिकेवरच भरून येतो आणि घरी खुशीत दाखवतो. बाळा, प्रश्नपत्रिका तुझ्याबरोबर घरी आली, तपासायला गेली ती उत्तरपत्रिका!

गणितात आणखी दोन ठिकाणी हातचे गुण जातात. बहुपर्यायी प्रश्नात पहिल्यांदा लिहिलेलं उत्तरच धरतात. घाईत 'ब' लिहून ठेवायचा आणि शेवटी खोडून 'क' करायचा, याचा उपयोग नाही. आधी कच्चं काम करा, मग पर्यायाचं अक्षर लिहा. दुसरं म्हणजे प्रमेय. सिद्धता तोंडपाठ असते म्हणून मुलं थेट 'पक्ष' लिहायला घेतात आणि आकृती राहून जाते. प्रमेयाच्या सिद्धतेला आकृती हवीच, हे भूमितीच्या पेपरवर स्पष्ट लिहिलेलं असतं.

भूगोलात भारत किंवा ब्राझीलच्या नकाशात ठिकाणं बरोबर दाखवतात, पण सूची करत नाहीत. नकाशा उत्तरपत्रिकेबरोबर बांधायचाही विसरतात.

आता वेळेबद्दल, कारण सगळ्यात जास्त रडू मी याच कारणानं पाहिलंय. गणित-विज्ञानाचा प्रत्येक भाग ४० गुणांचा आणि वेळ २ तास, म्हणजे एका गुणाला ३ मिनिटं. मराठीचा पेपर ८० गुणांचा आणि वेळ ३ तास, म्हणजे एका गुणाला सव्वादोन मिनिटं. भाषा सोपी म्हणून मुलं निर्धास्त असतात आणि वेळ तिथंच कमी पडतो. गद्य-पद्यावर स्वमत लिहिताना दोन-तीन गुणांसाठी दीड पान भरतं आणि निबंध अर्ध्यावर राहतो. उपयोजित लेखनाला, म्हणजे विभाग ५ ला, २४ गुण आहेत. या हिशेबानं त्याला ५४ मिनिटं हवीत. पेपर ११ वाजता सुरू झाला असेल तर एकच्या सुमाराला विभाग ५ हाती घ्यायलाच हवा. पत्र आठवत नसेल तर त्याऐवजी सारांश लिहिता येतो, तोही पहिल्या विभागातल्या अपठित उताऱ्याचा, मूळ मजकुराच्या एक तृतीयांश. उतारा एकदा वाचून झालेलाच असतो. तरी मुलं या पर्यायाकडे बघतसुद्धा नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

ताई-दादाचं ऐकून जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. पूर्वी ११ च्या आधी १० मिनिटं पेपर वाचायला मिळायचा. २०२३ पासून ते बंद झालं आणि ती १० मिनिटं शेवटी जोडली गेली. त्यामुळे वाचायचा वेळ आता लिहायच्या वेळातूनच काढावा लागतो. सुरुवातीची पाच मिनिटं खुशाल द्या. 'कोणतेही दोन' असेल तिथे कोणते दोन ते पेन्सिलीची खूण न करता मनात ठरवा, कारण प्रश्नपत्रिकेवर काही लिहायचं नसतं. तीन सोडवले तर तिसऱ्याचा वेळ फुकट जातो.

शेवटच्या १० मिनिटांत नवं उत्तर सुरू करण्याआधी दोरा हातात घ्या. पुरवण्या क्रमानं लावा, बांधा, पहिल्या पानावर त्यांची संख्या लिहा. बैठक क्रमांक अंकी आणि अक्षरी, दोन्ही प्रवेशपत्राशी ताडून बघा. मग प्रत्येक उत्तराच्या डावीकडे बोट फिरवत प्रश्नाचा आणि उपप्रश्नाचा क्रमांक पडलाय ना, ते पाहा. एवढं होऊन वेळ उरला, तर राहिलेल्या प्रश्नाच्या दोन-चार पायऱ्या लिहा. बरोबर आलेल्या पायऱ्यांचे गुण मिळतात.