एआय सर्चमध्ये तुमच्या लिखाणाची लिंक यावी म्हणून कसं लिहायचं

चॅटजीपीटी, परप्लेक्सिटी किंवा गुगलचं एआय ओव्हरव्ह्यू (सर्चमध्ये दिसणारं एआयचं उत्तर) तुमचं अख्खं पान दाखवत नाही, त्यातला कामाचा तुकडा घेतं आणि सोबत लिंक देतं. म्हणून एकच गोष्ट पक्की धरा, कुठलाही पॅरा मधूनच उचलला तरी त्याचा अर्थ लागला पाहिजे.

'वर सांगितलंय तसं ती फाईल तेव्हाच आली' हे वाक्य एकटं वाचलं तर काय कळणार? त्याऐवजी 'साइटवर काय वाचायचं, काय नाही ते बॉटना, म्हणजे पानं वाचत फिरणाऱ्या प्रोग्रॅमना, सांगणारी रोबोट्स डॉट टीएक्सटी ही पद्धत १९९४ मध्ये सुरू झाली आणि २०२२ मध्ये तिचं आरएफसी ९३०९ हे स्टँडर्ड निघालं' असं लिहा, नाव, साल, विषय सगळं त्याच वाक्यात. हेडिंग लोक विचारतात तसं ठेवा, खाली पहिल्या दोन वाक्यांत थेट उत्तर द्या आणि मग काय अपवाद, किंतु-परंतु ते सांगत बसा. प्रस्तावना खरंच कमी करा, चार पॅरा झाले तरी मुद्दा येत नाही असं खूप दिसतं.

कीवर्ड, म्हणजे लोक सर्चमध्ये टाकतात ते शब्द, कोंबून काही होत नाही. प्रिन्स्टन आणि इतर ठिकाणच्या संशोधकांनी २०२३ मध्ये हे तपासलं होतं, तेव्हा आकडे, अवतरणं आणि सोर्स दिलेला मजकूर उत्तरांत जास्त दिसला, कीवर्डवाल्याला काही फायदा झाला नाही. पण म्हणून आकडे बनवू नका हो, जो आकडा द्याल तो कुठून आला तेही तिथेच लिहा.

आता टेक्निकल भाग, कारण इथे चांगलं लिखाण वाया जातं. चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयचा जीपीटीबॉट मॉडेलच्या ट्रेनिंगसाठी आहे आणि ओएआय-सर्चबॉट सर्चसाठी, दोन्ही वेगळे, पण लोक कुठूनतरी कॉपी केलेल्या रोबोट्स डॉट टीएक्सटी फाईलमध्ये दोघांनाही अडवून ठेवतात आणि मग चॅटजीपीटीत आपली लिंक का येत नाही विचारतात. गुगलचं उलट आहे, गुगल-एक्स्टेंडेड (गुगलच्या एआय ट्रेनिंगला नकार द्यायचं रोबोट्स फाईलमधलं नाव) अडवलं तरी एआय ओव्हरव्ह्यूवर फरक पडत नाही, ते नेहमीच्या सर्चसाठी पानं वाचणाऱ्या साध्या गुगलबॉटवर चालतं, पण पानावर नोस्निपेट टॅग (सर्चमध्ये मजकुराचा तुकडा दाखवू नका असं सांगणारा कोड) असेल तर तुमचा मजकूर तिथे वापरला जात नाही. शिवाय बरेच एआय बॉट जावास्क्रिप्ट हा पानातला कोड चालवत नाहीत, म्हणजे त्याने नंतर भरलेला मजकूर त्यांना दिसत नाही, तेव्हा ब्राउझरमध्ये व्ह्यू पेज सोर्स उघडा आणि तुमचं मुख्य वाक्य तिथे शोधा, नाही सापडलं तर आधी ते डेव्हलपरकडून दुरुस्त करून घ्या.

खास स्कीमा (पानात काय आहे ते मशीनला सांगणारा कोड) किंवा वेगळी एआय फाईल लागते असं कुणी म्हणालं तर घाई नको, गुगलने स्वतःच सांगितलंय की एआय ओव्हरव्ह्यूत यायला तसलं काही लागत नाही. तो वेळ जुन्या पानांतली माहिती तपासून दुरुस्त करण्यात घाला, आणि नुसती तारीख बदलून पान नवीन आहे असं दाखवू नका.