कान्हेरीचा सोपा फेरा

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची लेणी पाहायला गेलात, तर आल्या वाटेने परतू नका, फेरा मारा. ३ क्रमांकाच्या चैत्यगृहापासून (स्तूप असलेलं प्रार्थनागृह) घळीकडेने ११ क्रमांकाच्या दरबार लेण्याकडे, मग कोरीव पायऱ्यांनी वरच्या उघड्या कातळावर आणि दुसऱ्या पायऱ्यांनी झाडीकडे खाली. सोमवारी उद्यान बंद असतं.

पावसाळ्यात कातळावरचे काळे, गुळगुळीत पट्टे टाळा. वाळलेले दिसतात, पण ते शेवाळच. चार थेंब पडले की बूट सटकतो. पांढरट, खरखरीत दगडावर पाय ठरतो. झिजलेल्या पायऱ्या उतरताना पाऊल आडवं टाका, घाई अजिबात नको.

माणशी दीड लिटर पाणी, तेही पाठीवरच्या सॅकमध्ये. हातातली पिशवी माकडं ओढतात. उन्हाळ्यात अकराच्या आत कातळ सोडा, वर सावली नाही.