गुलाबाचं अत्तर करायचं? आधी पीईए ओळखा

अत्तर घरी करायचंय असं कोणी म्हणालं, की मी आधी एकच बाटली आणायला सांगते: फिनाइल इथाइल अल्कोहोल. अत्तरवाले त्याला नुसतं पीईए म्हणतात. तयार ‘गुलाब कंपाऊंड’ आणून तेलात ओतलं तर पाच मिनिटांत काम होतं, पण त्यातून शिकायला काहीच मिळत नाही. गुलाबाच्या वासाचं अंग पीईएवर उभं असतं. त्याची नीट ओळख झाली की बाकीची द्रव्यं किती घालायची हे नाकच सांगू लागतं.

माझी नोकरी अंबड एमआयडीसीतल्या प्रयोगशाळेत गेली, माल तपासण्यात. म्हणून कुठलीही बाटली घरात आली की मी आधी तिची परीक्षा घेते. पीईएची परीक्षा ओट्यावरही होते. काचेच्या स्वच्छ बाटलीत १०० मिली गार पाणी घ्या आणि ड्रॉपरचं टोक पाण्यात बुडवून १ मिली पीईए सोडा. थेंब वर येत नाहीत. मण्यासारखे गोल राहून सावकाश खाली जातात आणि तळाशी टेकतात, कारण पीईएची घनता १.०२ आहे, पाण्याहून किंचित जास्त. आता झाकण लावून जोरात हलवा. माल चोख असेल तर थोड्या वेळात सगळं विरघळून पाणी निवळतं. १०० मिली पाण्यात साधारण २ ग्रॅम पीईए मावतं. डायइथाइल थॅलेट, म्हणजे डीईपी, घालून माल वाढवला असेल तर पाणी गढूळ राहतं आणि तळाशी पुन्हा थेंब जमतात, कारण डीईपी पाण्यात फारसं विरघळत नाही. डीपीजीची, म्हणजे अत्तर पातळ करायला वापरतात त्या डायप्रोपिलीन ग्लायकॉलची, भेसळ मात्र अशी पकडता येत नाही, ते पाण्यात सहज मिसळून जातं. त्यासाठी आधीची खात्रीची बाटली जवळ ठेवा आणि दोन कागदी पट्ट्यांवर वासाचा जोर ताडून बघा.

पाण्यात विरघळण्याचा हा गुण लक्षात ठेवा, गुलाबाचं बरंचसं गणित त्यातच आहे. दमास्क गुलाबाची फुलं वाफेवर उकळून तेल काढतात तेव्हा पीईए बहुतेक पाण्याबरोबर निघून जातं. म्हणून गुलाबजलाला तो ओळखीचा मऊ वास असतो, आणि तेलात पीईए जेमतेम १ ते ३ टक्के उरतं. तेलावर राज्य असतं सिट्रोनेलॉल आणि जिरॅनिऑल या दुसऱ्या दोन वासद्रव्यांचं. याउलट वाफेऐवजी सॉल्व्हंटने काढलेल्या फुलांच्या अर्कात, म्हणजे ॲब्सोल्यूटमध्ये, पीईए निम्म्याहून जास्त भरतं. १ किलो तेलाला ३ ते ४ हजार किलो फुलं लागतात. इतकं महागडं तेल हुंगूनही ‘हा फुलाचा वास नाही’ असं ज्यांना वाटतं, त्यांचं नाक चुकत नाही.

पण मुळात फूल कुठलं हुंगायचं? आपलं नाशिक एके काळी गुलशनाबाद म्हणून ओळखलं जायचं आणि आजही जानोरी-मोहाडीकडे पॉलिहाऊसमध्ये गुलाब पिकतो. तो लांब दांड्याचा गुलाब दिसायला सुरेख, टिकायलाही चांगला, पण वासाला बहुतेक रिकामा. नाकाला सवय लावायची तर सकाळी लवकर गणेशवाडीच्या फूलबाजारात जा आणि हारातला गावठी गुलाब मागा. घरी आणून वाटीत ठेवा, शेजारी पीईएची पट्टी ठेवा आणि आलटून पालटून हुंगा.

पट्टीसाठी पीईए तसंच वापरू नका. १ ग्रॅम पीईए आणि ९ ग्रॅम डीपीजी असं १० टक्क्यांचं द्रावण करा. वजन करायला सोनारकामाचा छोटा डिजिटल काटा घ्या, ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा. थेंब मोजून काम करू नका. प्रत्येक ड्रॉपरचा थेंब वेगळा पडतो. वासात आधी ओल्या पाकळीचा गारवा येतो, मग मधाचा गोडवा, आणि मागे ताज्या पावाची हलकी झाक. ती झाक उगाच नाही. यीस्ट आंबवताना फिनाइलॲलनिन या अमिनो आम्लापासून हाच रेणू बनवतं, त्यामुळे तो पावात असतो आणि आपल्याकडच्या वाइनमध्येही. पीईए नाकाला झोंबत नाही, म्हणून वासाची क्षमता तपासायला डॉक्टरसुद्धा ते वापरतात. पहिल्या दिवशी ‘एवढंच?’ असं वाटेल. वाटू द्या. आठवडाभर रोज सकाळी, चहाच्या आधी, हुंगत राहा.

मग जोडणी. १० ग्रॅमसाठी माझं प्रमाण असं: पीईए ४.५ ग्रॅम, सिट्रोनेलॉल २.६, जिरॅनिऑल २, जिरॅनिल ॲसिटेट ०.३, युजेनॉलचं १० टक्के द्रावण ०.३, डॅमासेनोनचं १ टक्का द्रावण ०.२ आणि रोझ ऑक्साइडचं १० टक्के द्रावण ०.१. सगळी द्रावणं डीपीजीतच करा. सिट्रोनेलॉलने गुलाब ताजा राहतो, जिरॅनिऑलने धार येते, युजेनॉल लवंगेची ऊब देतं. शेवटची दोन द्रव्यं फार जोरकस आहेत. अस्सल गुलाबतेलातही डॅमासेनोन १ टक्क्याहून कितीतरी कमी असतं, तरी वासात त्याचा वाटा मोठा. पातळ न करता एक थेंब पडला तरी जॅमचा वास सुटतो आणि पीईए कुठच्या कुठे हरवतं. बाजारातली पुष्कळ ‘गुलाब’ अत्तरं मला याच कारणाने आवडत नाहीत: पहिला झटका जबरदस्त, आणि तासाभराने मनगटावर गुलाब शोधावा लागतो. शंका आली तर पीईए वाढवा.

भांडी काचेचीच घ्या. मिश्रण गडद बाटलीत भरा, चिठ्ठीवर तारीख आणि प्रमाण लिहा आणि कपाटात दोन आठवडे राहू द्या. कडा बोथट होतात, वास एकजीव होतो.

अंगाला लावायचं तर ५ ग्रॅम मिश्रणात ९५ ग्रॅम डीपीजी घाला, किंवा न गोठणारं फ्रॅक्शनेटेड खोबरेल. थंडीत, पारा खाली गेला की वास कमी उठतो, तेव्हा मी मिश्रण ७ ग्रॅमपर्यंत नेते. लिक्विड पॅराफिन वापरू नका. पीईए त्यात नीट विरघळत नाही, बाटली धुरकट होते आणि लोकांना वाटतं अत्तर बिघडलं. औषधाच्या दुकानातलं सर्जिकल स्पिरिटही नको. जिरॅनिऑल आणि सिट्रोनेलॉल काहींच्या त्वचेला सोसत नाहीत, म्हणून आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा. लहान मुलांना लावू नका, आणि यातलं काहीही सरबतात किंवा मिठाईत जाऊ देऊ नका.

हळदीकुंकवाला अत्तरगुलाब करायचा असेल तर गुलाबदाणीसाठी हे मिश्रण घेऊ नका. त्यातलं सिट्रोनेलॉल पाण्यावर तवंग धरतं. तिथे नुसतं पीईए पुरतं: २०० मिली उकळून गार केलेल्या पाण्यात ०.२ ग्रॅम घालून हलवा. शिंपडताना डोळे सांभाळा. उरलेलं पाणी दुसऱ्या दिवशी ओतून द्या, इतक्या कमी पीईएने ते टिकत नाही.