लॅपटॉप लोगोवरच अडकला तर

परवा सांगलीत, विश्रामबागेत, भाचीचा लॅपटॉप लोगोवरच अडकला; खालचे ठिपकेसुद्धा फिरायचे थांबलेले. अशा वेळी फॉरमॅट मारायची घाई अजिबात करू नका, आयुष्यभराचे फोटो जातात. आधी पेनड्राइव्ह, माऊस, प्रिंटर, मेमरी कार्ड सगळं काढा. चार्जर काढून पॉवर बटण 30 सेकंद दाबून धरा, मग चालू करा. भाचीचं काम इथंच झालं. कडेच्या खाचेत कॅमेऱ्याचं कार्ड राहिलं होतं.

नाहीच झालं, तर लोगो दिसताच बटण दाबून धरून बंद करा, असं लागोपाठ दोन-तीनदा. विंडोज 10 किंवा 11 असेल तर दुरुस्तीचा निळा पडदा येतो. ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, मग 4 दाबा. सेफ मोडमध्ये, म्हणजे फक्त गरजेपुरत्या गोष्टींवर विंडोज सुरू झालं की, नुकतंच टाकलेलं सॉफ्टवेअर काढून टाका. आतून टकटक आवाज येत असेल तर मात्र पुन्हा चालू करू नका. हार्ड डिस्क जात आलेली असते, आधी जाणकाराकडून डेटा काढून घ्या.