संस्थेची घटना कशी बदलावी: न्यूझीलंडची रग्बी आणि आमची गड्ड्यातली सभा

सोलापुरातल्या एका क्रीडामंडळाचा मी अठरा वर्षं खजिनदार होतो. मंडळाचं नाव सांगत नाही. बहुतेक मंडळी अजून रोज सकाळी फिरायला भेटतात. पोटापाण्यासाठी सुताच्या पेढीवर कीर्द-खतावणी लिहिली. खेळ आमचे खो-खो आणि कबड्डी. रग्बी घरात आली ती नातवामुळे. २०२४ च्या उन्हाळ्यात तो मोबाईल घेऊन आला, "आबा, ऑल ब्लॅक्सवाल्यांचं भांडण सेम तुमच्या मंडळासारखं आहे बघा." ऑल ब्लॅक्स म्हणजे न्यूझीलंडचा रग्बी संघ. वाचलं. खरंच तसंच होतं, फक्त आकड्यांवर शून्यं जास्त.

तुम्हाला तुमच्या संस्थेची घटना बदलायची असेल तर काय करावं, ते या दोन भांडणांवरून सांगतो.

सगळ्यात आधी घटनेची खरी प्रत मिळवा. कपाटातली नव्हे. आमच्या कपाटात सायक्लोस्टाईलची प्रत होती, तिसऱ्या पानाचा खालचा कोपरा कसरीने खाल्लेला, आणि नेमकं तिथंच घटनादुरुस्तीचं कलम. धर्मादाय कार्यालयात नकलेचा अर्ज करा, शिक्का मारलेली नक्कल घ्या. मग पेन्सिलीने चार गोष्टींखाली रेघ ओढा: मत कुणाला आहे, दुरुस्तीला किती बहुमत लागतं, नोटीस किती दिवसांची, गणपूर्ती (सभेला किमान किती माणसं हवीत) किती. संस्थेचा उद्देशच बदलायचा असेल तर भानगड वाढते. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्यात त्यासाठी दोन विशेष सभा सांगितल्यात, दोन्हींत तीन-पंचमांश मतं, आणि दोन सभांमध्ये महिन्याचं अंतर. नियम बदलायचे असतील तर तुमची घटना सांगते तेवढं.

बहुमताचा आकडा भिंतीवर लिहून ठेवा. वेल्स रग्बी युनियनने २०२२ मध्ये बाहेरचा, स्वतंत्र अध्यक्ष आणायचा ठराव मांडला. ६६ टक्के क्लबांनी होकार दिला, तरी ठराव पडला, कारण लागत होते ७५. आमच्याकडं एवढी मतं मिळाली असती तर पार्क चौकात फटाके वाजले असते.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम, आणि लोक नेमकं हेच टाळतात. एक वही घ्या. मत असणाऱ्या प्रत्येकाचं नाव लिहा आणि समोर लिहा, या दुरुस्तीनं त्याचं काय जाणार. खुर्ची? मैदानाची किल्ली? संघ निवडायचा हक्क? स्टेजवर बसून हार घ्यायचा मान? शेवटच्याला हसू नका, आमची दोन मतं त्यावरच गेली.

न्यूझीलंडमध्ये ही वही कुणी लिहिली नसावी असं मला राहून राहून वाटतं. तिथं २०२२ मध्ये सिल्व्हर लेक या अमेरिकी गुंतवणूक कंपनीचे २० कोटी न्यूझीलंड डॉलर रग्बीत यायचं ठरलं. खेळाडूंच्या संघटनेनं आधी कडाडून विरोध केला, मग तडजोड झाली, आणि त्या तडजोडीतूनच एक गोष्ट निघाली: संस्थेचा कारभार बाहेरच्या माणसांकडून तपासून घ्यायचा. डेव्हिड पिल्किंग्टन यांच्या समितीनं ऑगस्ट २०२३ मध्ये अहवाल दिला. म्हणणं थोडक्यात असं, की हा सांगाडा आजच्या धंद्याला पुरा पडत नाही. नऊ जणांचं मंडळ ठेवा, नऊच्या नऊ स्वतंत्र प्रक्रियेनं निवडलेले, आणि बाकी सगळ्या गटांसाठी वेगळी सल्लागार परिषद करा.

अहवाल चांगलाच होता. पण मत कुणाला होतं? प्रामुख्यानं २६ प्रांतिक संघांना. म्हणजे ज्यांचा हात मंडळावर होता त्यांनाच विचारलं, मालक, हात काढता का? ते म्हणाले, सुधारणा आम्हालाही हवी, पण नऊपैकी किमान तिघांनी प्रांतिक संघाच्या मंडळावर काम केलेलं असलं पाहिजे. ३० मे २०२४ ला वेलिंग्टनच्या विशेष सभेत दोन ठराव समोरासमोर आले. अहवालाबरहुकूमचा पडला, प्रांतांचा ६९ विरुद्ध २१ नं पास झाला.

आमचा प्रकार याच मापाचा. तरुण पोरांनी मसुदा केला: कार्यकारिणीत निम्म्या जागा माजी खेळाडूंना, पदाधिकारी सलग दोन मुदतींपेक्षा जास्त नाही. आमचे अध्यक्ष, आण्णा, तेव्हा पाचव्या मुदतीत. पोरांनी मसुदा थेट सगळ्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला. आण्णांना तो तिसऱ्याच माणसाकडून कळला. संध्याकाळी माझ्या दारात. चहा घेतला नाही, उभ्याउभ्या विचारलं, "खजिनदार, मी मेलोय का?"

मसुदा वाईट नव्हता. आण्णांना आधी दाखवला असता तर निम्मं भांडण झालंच नसतं. म्हणून वहीत ज्याच्या नावासमोर सगळ्यात मोठं नुकसान लिहिलंय, मसुदा घेऊन पहिल्यांदा त्याच्याच घरी जा. भाकरी-शेंगाचटणी खाऊन या. त्याला विचारा, कुठल्या शब्दाला हरकत आहे. बहुतेक वेळा हरकत एका शब्दाला असते आणि माणूस सगळ्या कागदाला विरोध करतो. आण्णांची हरकत "सलग" या शब्दाला नव्हती, मागच्या मुदती मोजायच्या की नाहीत याला होती. नव्यानं मोजायचं ठरलं, आणि ते बसले. पण हे कळायला आम्हाला दीड वर्ष गेलं.

वहीत एक रकाना आणखी पाडा: मत नाही पण ताकद आहे असे कोण. न्यूझीलंडच्या खेळाडूंना त्या सभेत निर्णायक मत नव्हतं. तरी मतदानाच्या काही दिवस आधी त्यांच्या संघटनेनं पत्र दिलं, की प्रांतांचा ठराव पास झाला तर व्यावसायिक खेळाडूंसाठी आम्ही वेगळी व्यवस्था उभी करू. तशी फूट पुढं पडली नाही. पण अध्यक्षा डेम पॅट्सी रेडी यांनी अहवाल मान्य झाला नाही तर पद सोडेन असं आधीच सांगून ठेवलं होतं, आणि त्या गेल्या. २०२५ मध्ये अध्यक्षपदावर आले डेव्हिड कर्क: १९८७ चा पहिला विश्वचषक जिंकणाऱ्या संघाचे कर्णधार, आणि तोवर खेळाडूंच्याच संघटनेत पदावर असलेले. ठराव हरलेल्या बाजूचा माणूस वर्षाच्या आत डोक्यावर बसला. माझ्या नातवाला यात गंमत वाटते. मला यात हिशेब दिसतो.

आपल्याकडं खेळाडूंचा हा रकाना आता कायद्यानंच भरलाय. ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा झाला. राष्ट्रीय महासंघाची कार्यकारिणी जास्तीत जास्त १५ जणांची, त्यात किमान चार महिला, नामवंत खेळाडू किमान दोन, खेळाडू समितीचे आणखी दोन. रग्बी इंडियाचं अध्यक्षपद २०२१ पासून राहुल बोस यांच्याकडं, ते नट म्हणून माहीत असले तरी भारताकडून रग्बी खेळलेले आहेत. तुमची संस्था जिल्ह्याची किंवा गल्लीची असली तरी मसुदा करताना हा नमुना शेजारी ठेवा. उद्या वरून विचारणा झाली की परत सभा नको.

माणूस आणि रचना एकाच ठरावात कोंबू नका. इंग्लंडच्या रग्बी फुटबॉल युनियननं ३ कोटी ७९ लाख पौंडांचा तोटा दाखवला, आणि त्याच वर्षी मुख्य कार्यकारी बिल स्वीनी यांना बोनस धरून ११ लाख पौंड मिळाले. क्लब चिडणारच. अध्यक्ष टॉम इल्यूब यांनी राजीनामा दिला. मार्च २०२५ मध्ये स्वीनींवर अविश्वासाचा ठराव आला: बाजूनं २०६, विरोधात ४६६, तटस्थ ३६. स्वीनी राहिले. पैशाचा राग खरा होता, कारभार सुधारा ही हाकही खरी होती, पण मतपत्रिकेवर प्रश्न एकाच माणसाचा आला. तुमच्याकडं खजिनदारानं घोळ घातला असेल तर त्याचा ठराव वेगळा, घटनादुरुस्तीचा वेगळा, जमल्यास सभाही वेगळी.

आता तारीख. इथं चूक माझी आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

आमची पहिली विशेष सभा मी जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात लावली. सोलापूरकराला पुढं सांगायची गरज नाही. गड्ड्याची यात्रा, म्हणजे संक्रांतीची सिद्धेश्वरांची जत्रा, नंदीध्वज निघालेले, निम्मे सभासद बाराबंदी घालून मिरवणुकीत. संमती कट्ट्यावर सिद्धेश्वरांच्या लग्नात हजारो लोक अक्षता टाकत होते आणि आमच्या हॉलमध्ये संमती द्यायला अकरा माणसं. सभा तहकूब. साध्या सभेत अर्ध्या तासानं त्याच जागी बिनगणपूर्तीची सभा चालते. घटनादुरुस्तीला ती चालत नाही, असं आमच्या घटनेतच लिहिलेलं. तुमच्या घटनेत बघून घ्या.

दुसऱ्यांदा नोटिशीत चुकलो. घटना म्हणते पंधरा पूर्ण दिवस. मी नोटीस टाकल्याचा दिवस आणि सभेचा दिवस दोन्ही मोजले. पूर्ण दिवस म्हणजे ती दोन टोकं सोडून मधले. एका सभासदानं उभं राहून कॅलेंडर दाखवलं. आयुष्यभर दुसऱ्याच्या बेरजा तपासल्या आणि पंधरा मोजता आले नाहीत. म्हणून पाच दिवस जास्तीचे धरा, पोस्टाची पोच जपा, आणि दुरुस्तीचा जुना मजकूर व नवा मजकूर शेजारीशेजारी छापून नोटिशीलाच जोडा. "ऐनवेळी येणारे विषय" या सदराखाली घटनेला हात लावू नका.

सभेत मतदान चिठ्ठीनं घ्या. हात वर करायला लावलं की माणसं आधी आण्णांकडं बघतात. चिठ्ठ्या मोजायला दोन्ही बाजूंचा एकेक माणूस, आकडे तिथंच फळ्यावर. इतिवृत्तात सूचक, अनुमोदक, बाजूनं, विरोधात, तटस्थ, सगळं. विरोधातल्याचं भाषणही दोन ओळींत लिहा.

पडला तर घाई करू नका. वेल्सच्या त्याच क्लबांनी मार्च २०२३ मध्ये सुधारणा ९७.६ टक्क्यांनी पास केल्या. मधल्या काळात क्लबांना अचानक शहाणपण सुचलं नव्हतं. जानेवारीत बीबीसीनं संस्थेतल्या स्त्रियांशी होणाऱ्या गैरवर्तनाचे आरोप बाहेर आणले होते आणि मुख्य कार्यकारी पद सोडून गेले होते. तुमच्या दुसऱ्या सभेसाठी एवढी आग लागायची वाट बघू नका, पण मसुदा धुऊन-पुसून तयार ठेवा.

पास झाला तर नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाचा अहवाल. सोबत नोटीस, पोच, हजेरी, इतिवृत्त. आम्ही पुऱ्या संचाच्या तीन झेरॉक्स काढल्या. एक मंडळात, एक माझ्याकडं, आणि एक मी आण्णांच्या घरी नेऊन दिली, त्यांनी मागितली नव्हती तरी. रात्री साडेदहाला फोन आला. चौथ्या पानावर "कार्यकारिणी" ऱ्हस्व टाईप झालीय, म्हणाले, जाऊन दुरुस्त करून आण.